एकच सीड, तोच क्रम: ब्राउझरमध्ये पुन्हा तशाच येणाऱ्या यादृच्छिक संख्या

सोसायटीच्या गणेशोत्सवातील हाऊजीसाठी मी आकडे काढणारे एक वेबपान लिहिले होते आणि त्यात जावास्क्रिप्टचे नेहमीचे मॅथ.रँडम वापरले होते. खेळ अर्ध्यावर आला असताना माझ्या हातून ते पान रिफ्रेश झाले. आतापर्यंत पुकारलेले आकडे कागदावर टिपलेले होते म्हणून निभावले, पण पुढचा क्रम गेला तो गेलाच, कारण मॅथ.रँडमला मागचा क्रम पुन्हा दे असे सांगण्याची सोयच नाही. त्या फंक्शनला सुरुवातीची संख्या, म्हणजे सीड, देता येत नाही. ते शून्य किंवा त्याहून मोठी आणि एकपेक्षा लहान संख्या देईल एवढेच भाषेचे प्रमाण सांगते, आणि ती कोणत्या पद्धतीने काढायची हे प्रत्येक ब्राउझरवर सोडून देते. क्रोमच्या व्ही८ इंजिनाने २०१५ च्या अखेरीस आपली जुनी पद्धत टाकून एक्सॉरशिफ्ट१२८+ ही पद्धत घेतली, तेव्हा कोणत्याही संकेतस्थळाला काही बदलावे लागले नाही, कारण ठरावीक क्रमाचे आश्वासन कधी दिलेलेच नव्हते. सीड देता येईल अशा यादृच्छिक संख्यांचा प्रस्ताव भाषेचे प्रमाण ठरवणाऱ्या टीसी३९ समितीपुढे मांडला गेला आहे, परंतु आजचे काम आजच करायचे असेल तर जनक, म्हणजे अशा संख्या काढून देणारे फंक्शन, आपणच लिहावा लागतो. तो चार-पाच ओळींचा असतो. खरे कष्ट त्या ओळींच्या आजूबाजूला असतात, आणि या लेखाचा बराचसा भाग त्यांच्याविषयीच आहे.

पुढील सूत्रे मी देवनागरीत लिहिली आहेत. चलांची नावे देवनागरीत ठेवणे जावास्क्रिप्टला चालते, परंतु देवनागरी अंक तिला संख्या म्हणून कळत नाहीत, त्यामुळे संपादकात अंक रोमनच टंकावेत.

पहिली पायरी: एका ओळीचा जनक

सर्वांत सोपा जनक गुणाकार करून बाकी घेतो. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये किमान दर्जाचा म्हणून सुचवलेला जनक असा आहे:

अवस्था = (अवस्था * १६८०७) % २१४७४८३६४७

अवस्थेची पहिली किंमत म्हणजेच सीड. ती १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची कोणतीही पूर्ण संख्या असू शकते. शून्य चालत नाही, कारण शून्याला कशानेही गुणले तरी शून्यच राहते. दर वेळी ही ओळ चालवून मिळालेल्या अवस्थेतून १ वजा करावा आणि २१४७४८३६४६ ने भागावे, म्हणजे मॅथ.रँडमसारखीच शून्य ते एकमधील संख्या मिळते. अवस्था बाहेरच्या चलात न ठेवता फंक्शन परत देणाऱ्या फंक्शनच्या आत बंदिस्त ठेवावी, म्हणजे एकाच पानावर अनेक स्वतंत्र जनक चालू शकतात. त्याची गरज पुढे पडणार आहे.

जनक बरोबर लिहिला गेला की नाही, हे नजरेने ठरवू नये. सीड १ दिल्यास पहिल्या तीन अवस्था १६८०७, २८२४७५२४९ आणि १६२२६५००७३ अशाच आल्या पाहिजेत, आणि दहा हजाराव्या वेळी १०४३६१८०६५ ही संख्या मिळाली पाहिजे. शेवटची कसोटी पार्क आणि मिलर यांच्या मूळ लेखातच दिलेली आहे.

हेच आकडे का निवडावेत, यालाही ब्राउझरपुरते कारण आहे. जावास्क्रिप्टमधील साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच्याच पूर्णांकांसाठी अचूकतेची खात्री देते. १६८०७ गुणिले सर्वांत मोठी अवस्था हा गुणाकार सुमारे ३६ लाख कोटी होतो, तर मर्यादा ९,००७ लाख कोटींची आहे, त्यामुळे येथे एकही अंक हरवत नाही. सी भाषेच्या जुन्या उदाहरणांतील ११०३५१५२४५ हा गुणक मात्र ३१ बिटांच्या अवस्थेसह ही मर्यादा अडीचशेहून अधिक पटींनी ओलांडू शकतो. तेव्हा ब्राउझर तक्रार करत नाही, गुपचूप शेवटचे अंक गोल करतो. क्रम तरीही दर वेळी तोच येतो, म्हणून चूक लक्षात येत नाही, पण जो जनक चालतो तो आपण निवडलेला नसतो आणि त्याचे गुणधर्म कोणी तपासलेले नसतात.

दुसरी पायरी: लहान सीडचा सापळा

हा जनक हाऊजीला लावताना मी तिकिटाचा क्रमांकच सीड म्हणून वापरला. तिकीट ११७ चे आकडे हवे असतील तर सीड ११७ द्यावे, म्हणजे फाटलेले किंवा भिजलेले तिकीटही क्रमांकावरून पुन्हा काढता येईल, अशी कल्पना होती. चाचणीसाठी मी प्रत्येक तिकिटाच्या जनकातून १ ते ९० मधील एकेक आकडा काढून पाहिला: मिळालेल्या अपूर्णांकाला ९० ने गुणायचे, खालचा पूर्णांक घ्यायचा आणि त्यात १ मिळवायचा.

सगळ्या तिकिटांचा पहिला आकडा १ आला. हिशेब केला तेव्हा कारण उघड झाले. सीड १००० असले तरी पहिली अवस्था १,६८,०७,००० एवढीच असते, आणि २१४ कोटींच्या मानाने ती इतकी लहान आहे की नव्वदाने गुणूनही अपूर्णांक एकपर्यंत पोहोचत नाही. सीड १४१९ पर्यंत पहिला आकडा १ च राहतो. दुसरा आकडा पाहिला तर तिकीट १ ते ६ यांना अनुक्रमे १२, २४, ३६, ४८, ६० आणि ७२ असे आकडे मिळाले होते, म्हणजे चक्क बाराचा पाढा! सातव्या तिकिटाला ८४ ऐवजी ८३ आला, एवढीच काय ती यादृच्छिकता. दुसरी अवस्था म्हणजे सीड गुणिले २८२४७५२४९ आणि त्याची बाकी, त्यामुळे सीड एकाने वाढले की अपूर्णांक सुमारे ०.१३१५ ने सरकतो, आणि नव्वदाच्या मापात ते अंतर बाराच्या जवळ जाते.

काही जण पहिले दहा-वीस आकडे टाकून देण्याचा उपाय सुचवतात. मला तो पटत नाही, कारण शेजारच्या सीडांमधील ठरावीक अंतराचे नाते त्याने मोडत नाही, केवळ अंतराचा आकडा बदलतो. ज्या जनकाची अवस्था आणि उत्तर यांच्यामध्ये नीट घुसळण होते, असा जनक घेणे हाच खरा उपाय आहे.

तिसरी पायरी: घुसळणारा जनक

टॉमी एटिंजर यांचा मलबेरी३२ हा जनक अशा कामांसाठी ब्राउझरमध्ये बराच वापरला जातो. त्याची अवस्था दर वेळी एका ठरावीक संख्येने पुढे सरकते आणि सगळी घुसळण उत्तर काढताना होते:

अ = (अ + १८३१५६५८१३) | ०
ट = इमुल(अ ^ (अ >>> १५), अ | १)
ट = ट ^ (ट + इमुल(ट ^ (ट >>> ७), ट | ६१))
उत्तर = ((ट ^ (ट >>> १४)) >>> ०) / ४२९४९६७२९६

येथे इमुल म्हणजे मॅथ.इमुल. दोन ३२ बिटी पूर्णांकांचा गुणाकार करून त्याचे खालचे ३२ बिट अचूक देणारे हे फंक्शन २०१५ च्या प्रमाणापासून भाषेत आहे. त्याच्या जागी साधे गुणाकाराचे चिन्ह वापरले तर वर सांगितलेली अंक हरवण्याची अडचण पुन्हा येते. शेवटच्या ओळीतील >>> ० हे उत्तर ऋण येऊ नये यासाठी आहे. बिटांच्या क्रिया जावास्क्रिप्टमध्ये चिन्हासह होतात, आणि हा तुकडा गाळला तर साधारण निम्मी उत्तरे शून्याच्या खाली जातात.

कसोटी अशी घ्यावी: सीड ० दिल्यास भागाकारापूर्वीची पहिली संख्या ११४४३०४७३८ आली पाहिजे, आणि भागाकारानंतर ०.२६६४२९२ ने सुरू होणारा अपूर्णांक मिळाला पाहिजे. येथे शून्य सीड चालते.

पहिल्या ओळीतील | ० नसलेल्या आवृत्त्याही सापडतात आणि लहान चाचणीत त्या तंतोतंत तीच उत्तरे देतात. पण त्यांत अवस्था कापली न जाता वाढत राहते, आणि सुमारे ४९ लाख संख्या काढल्यानंतर ती अचूक पूर्णांकांची मर्यादा ओलांडते. हाऊजीला त्याने काही बिघडत नाही. कणांचे किंवा गर्दीचे सिम्युलेशन मात्र इतक्या संख्या काही सेकंदांत संपवते.

चौथी पायरी: मजकुरापासून सीड

केवळ तिकीट क्रमांक सीड म्हणून घेतला तर दरवर्षीची तिकिटे सारखीच निघतील, म्हणून प्रसंगाचे नाव आणि क्रमांक जोडून एक मजकूर करावा, उदाहरणार्थ ‘दुसऱ्या दिवसाची हाऊजी, तिकीट ११७’, आणि त्या मजकुराची संख्या करावी. त्यासाठी एफएनव्ही-१ए ही हॅशपद्धत पुरेशी आहे. २१६६१३६२६१ पासून सुरुवात करावी, मजकुराचा प्रत्येक बाइट आलेल्या संख्येशी ^ ने (म्हणजे एक्सॉर या बिटांच्या क्रियेने) जोडावा, मग मॅथ.इमुल वापरून १६७७७६१९ ने गुणावे, आणि सगळे बाइट संपले की >>> ० करावे. बाइट मिळवण्यासाठी ब्राउझरमधील टेक्स्टएन्कोडर वापरावा. मजकूर रिकामा असेल तर सुरुवातीचीच संख्या परत आली पाहिजे, ही सोपी कसोटी.

मराठीत काम करणाऱ्याला येथे दोन खड्डे लागतात, आणि इंग्रजी मार्गदर्शकांत ते सहसा दाखवलेले नसतात. वरच्या मजकुरातील ‘दुसऱ्या’ हा शब्दच घ्या. त्यातील ऱ हे अक्षर युनिकोडमध्ये एकसंध चिन्ह म्हणूनही लिहिता येते आणि साधा र अधिक नुक्ता अशा दोन चिन्हांनीही लिहिता येते. पडद्यावर दोन्ही एकसारखे दिसतात, बाइट मात्र वेगळे असतात, म्हणून हॅश वेगळा, सीड वेगळे आणि तिकीटही वेगळे. हॅश करण्यापूर्वी मजकुरावर नॉर्मलाइज हे फंक्शन एनएफसी पर्यायासह चालवले की हा फरक मिटतो. काही कळफलक हाच जोड र, हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक वापरून लिहितात. तो अदृश्य जोडक नॉर्मलाइजने जात नाही, आणि आंधळेपणाने काढून टाकला तर शब्दाचे रूप बदलते. यावर मी शोधलेला तोडगा अगदी साधा आहे: प्रसंगाचे नाव कोणालाही टंकायला न लावता यादीतून निवडायला द्यावे.

दुसरा खड्डा अंकांचा. चाचणीच्या वेळी आमच्या एका काकांनी सीडच्या रकान्यात मराठी कळफलकावरून ‘४२’ असे टंकले आणि पान आकडे पुकारू लागले: २, ३, ४, ५... थेट ९० पर्यंत आणि शेवटी १. देवनागरी अंकांच्या मजकुराची संख्या करायला सांगितली की जावास्क्रिप्ट एनएएन, म्हणजे ‘संख्या नाही’ हे उत्तर देते. माझ्या त्या आवृत्तीत | ० नव्हते, त्यामुळे अवस्था कायम एनएएन राहिली, बिटांच्या क्रियांनी तिचा दर वेळी शून्य केला, आणि यादी पिसताना (ती पद्धत पाचव्या पायरीत येते) प्रत्येक आकड्याची अदलाबदल पहिल्या जागेशीच झाली. तिचा परिणाम म्हणजे हा ओळीने आलेला क्रम. | ० असते तर चूक अधिक वाईट झाली असती, कारण क्रम दिसायला अगदी यादृच्छिक निघाला असता आणि मराठी अंकांत टंकलेल्या प्रत्येक सीडला तोच मिळाला असता. म्हणून रकान्यातील प्रत्येक देवनागरी अंकाच्या चिन्ह-क्रमांकातून २४०६ वजा करून त्याचा साधा अंक करावा, आणि त्यानंतरही उत्तर पूर्णांक नसेल तर पुढे जाऊच देऊ नये.

पाचवी पायरी: आकड्यांचा फेरफार

हाऊजीत आकडा पुन्हा येत नसल्याने प्रत्येक वेळी नवा आकडा काढण्यापेक्षा १ ते ९० ची यादी एकदाच पिसणे सोयीचे असते. फिशर आणि येट्स यांची १९३८ ची पद्धत, डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ मध्ये संगणकासाठी बसवलेल्या रूपात, अशी चालते: शेवटच्या जागेपासून सुरुवात करावी, त्या जागेसह तिच्या आधीच्या सर्व जागांमधून जनकाच्या साह्याने एक जागा निवडावी, दोन्ही आकड्यांची अदलाबदल करावी आणि एक जागा मागे यावे. नव्वद आकड्यांसाठी जनकाला बरोबर ८९ वेळा विचारले जाते.

यादीला सॉर्ट लावून तुलनेच्या फंक्शनात यादृच्छिक संख्येतून अर्धा वजा करण्याची जी युक्ती सर्रास दिसते, ती येथे पूर्णपणे वर्ज्य मानावी. तिने फेरफार समान होत नाही हा एक दोष झाला. आपल्या कामाच्या दृष्टीने मोठा दोष असा की सॉर्ट आतून किती तुलना कोणत्या क्रमाने करेल हे प्रत्येक इंजिनावर अवलंबून असते. व्ही८ ने २०१८ मध्ये आपली सॉर्टची पद्धत बदलून टिमसॉर्ट घेतली. असा बदल झाला की तेच सीड आणि तोच जनक असूनही क्रम वेगळा निघतो. मॅथ.साइनच्या उत्तराला दहा हजाराने गुणून अपूर्णांक घेण्याची एका ओळीची युक्तीही याच कारणाने टाळावी. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि बिटांच्या क्रिया सर्व ब्राउझरांत तंतोतंत सारख्या असतात, पण साइन, लॉग आणि घातांक यांची उत्तरे प्रमाणानुसार जवळपास असली तरी चालतात, आणि दहा हजाराने गुणल्यावर शेवटच्या अंकांतील फरक मोठा होऊन पुढे येतो.

सहावी पायरी: कोण किती संख्या खातो

तिकिटे आणि पुकारण्याचा क्रम यांना एकच जनक लावणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. हाऊजीच्या तिकिटात तीन ओळी आणि नऊ स्तंभ असतात, प्रत्येक ओळीत पाच आकडे, पहिल्या स्तंभात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९ आणि शेवटच्यात ८० ते ९०. कोणताही स्तंभ रिकामा राहू नये, असा नियम पाळायचा तर माझे पान जमले नाही की मांडणी पुन्हा करते. त्यामुळे एखादे तिकीट चाळीस संख्यांत होते, तर दुसऱ्याला शंभर लागतात. सगळी तिकिटे एकाच प्रवाहातून काढली तर तिकीट ११८ काढण्यासाठी आधीची ११७ काढावीच लागतात, आणि मधल्या एकाची मांडणी बदलली की पुढची सगळी बदलतात. प्रत्येक तिकिटाला स्वतःच्या मजकुरातून स्वतःचे सीड दिले की ‘फुल हाऊस’ असे ओरडणाऱ्याचे तिकीट केवळ क्रमांकावरून त्याच क्षणी पडद्यावर आणून ताडून पाहता येते.

हेच तत्त्व खेळांत आणि ॲनिमेशनमध्ये अधिक कडक पाळावे लागते. कणांच्या चमकण्यासाठी दर फ्रेमला किती संख्या लागतील हे पडद्याच्या गतीवर अवलंबून असते, आणि नकाशाही त्याच जनकातून निघत असेल तर वेगवान मॉनिटरवर नकाशा बदलतो. सर्व्हरकडून येणाऱ्या उत्तरांच्या आत जनकाला बोलावले तर जे उत्तर आधी पोहोचेल ते आधीची संख्या घेते. दिसण्यापुरत्या गोष्टींना मॅथ.रँडम, आणि जे पुन्हा तसेच यायला हवे त्याला आपला वेगळा जनक, अशी विभागणी मी करतो. म्हणूनच मॅथ.रँडमवरच आपले फंक्शन चढवण्याचा मोह टाळावा. तसे केले की पानावरील प्रत्येक परकी लायब्ररी आपल्या क्रमातून संख्या खाऊ लागते.

रिफ्रेशचा प्रश्न आता सोपा होतो. लोकलस्टोरेजमध्ये, म्हणजे पान रिफ्रेश झाले तरी टिकणाऱ्या ब्राउझरच्या साठवणीत, दोनच गोष्टी ठेवाव्यात, सीड आणि आतापर्यंत किती आकडे पुकारले ही संख्या. पान उघडताच सीडवरून पूर्ण क्रम पुन्हा पिसावा आणि तेवढे आकडे पुकारलेले दाखवावेत. तिकिटे छापल्यानंतर कोडमध्ये सुधारणा करण्याची हुक्की येते, आणि मांडणीच्या फंक्शनात एक ओळ इकडची तिकडे झाली तरी छापील तिकीट आणि पडद्यावरील तिकीट जुळेनासे होते. म्हणून हॅशच्या मजकुरात ‘आवृत्ती १’ असा शब्द घालून ते फंक्शन गोठवावे, आणि सुधारणा ‘आवृत्ती २’ म्हणून वेगळी ठेवावी.

बक्षीस मोठे असेल तेव्हा

मलबेरी३२ चे सीड ३२ बिटांचे आहे, म्हणजे शक्य खेळ ४,२९,४९,६७,२९६ एवढेच. पहिल्या पाच आकड्यांचे क्रम ५२७ कोटींहून थोडे अधिक होतात, म्हणून सहा-सात आकडे ऐकल्यावर त्यांच्याशी जुळणारे सीड बहुधा एकच उरते, आणि सगळी सीडे तपासून ते शोधायला साध्या लॅपटॉपला फार वेळ लागत नाही. ज्याला ते सापडले त्याला उरलेला सगळा खेळ माहीत असतो. घड्याळातील वेळ सीड म्हणून घेतली तर शोधायचा आवाका आणखी लहान होतो.

तिकिटे सीडवरून काढण्यास काहीच हरकत नाही, ती तशीही सर्वांच्या हातात असतात. पुकारण्याचा क्रम मात्र बक्षीस प्रेशर कुकरच्या पुढे जात असेल तर क्रिप्टो.गेटरँडमव्हॅल्यूज या, अंदाज बांधता न येणाऱ्या संख्या देणाऱ्या ब्राउझरच्या फंक्शनाने पिसावा. त्याला सीड नसते, म्हणून पिसलेली नव्वद आकड्यांची यादीच पुकारणाऱ्याच्या लोकलस्टोरेजमध्ये साठवावी. रिफ्रेश झाल्यावर ती तेथूनच वाचली जाते.